मासोळी पाण्याबाहेर

ता. ९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकीट फोडल्यावर तू आधी वेळांचा कागद शोधशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. या आठवड्यात तुझी भाची पाण्यात उतरलेली नाही. मासोळीला कोरोना झालाय. घाबरू नकोस. मी दोघांच्या वाटचं घाबरून घेतलंय.

परवा शाळेतून आली ती कणकण घेऊनच. संध्याकाळपर्यंत ताप एकशे दोन. काल तपासणी केली, आज रिपोर्ट आला. तिच्या वर्गात आणखी नऊ जणांना आहे म्हणे. तिला तिच्या खोलीत ठेवलंय. खिडक्या सताड उघड्या, दाराबाहेर स्टूल. त्यावर ताट ठेवायचं, दार वाजवायचं आणि मागे सरायचं. मी मास्क लावून आत जाते तेव्हा चष्म्यावर वाफ धरते आणि थर्मामीटरचा आकडाच दिसत नाही. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासणारी बाई घरात आंधळी कोशिंबीर खेळते, म्हणून हे हसतात.

खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्यांनी पिशवी भरून गोळ्या आणून दिल्या. अँटिबायोटिक, स्टेरॉइड, जंतांची गोळी, शिवाय रंगीबेरंगी जीवनसत्त्वं. सगळ्यांना हाच संच देतो म्हणाले. बिचाऱ्यांनी मायेनेच आणल्या होत्या. हे लगेच पाण्याचा पेला घेऊन निघाले, पण मी आधी मुलांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळी यादी ऐकून घेतली आणि पिशवी आल्या पावली परत पाठवायला सांगितली. आजार सौम्य आहे, अशा वेळी स्टेरॉइडने फायदा तर नाहीच, अपाय मात्र होऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि झोप, एवढंच. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन बघत राहायचा. तो चौऱ्याण्णवच्या खाली गेला, दम लागला, पाणीही पोटात ठरेना किंवा पोर गुंगीत वाटली, तर विचार करत न बसता दवाखाना गाठायचा.

सध्या आकडा सत्त्याण्णव आहे. साबणाला वास येत नाही म्हणून दुसरी वडी मागून घेतली, तिलाही येत नाही म्हणाली. बाकी सगळी चौकशी एकच, की चौदा मार्चच्या निवड चाचणीचं काय. तू फोनवर तीन वाक्यांच्या पुढे जात नाहीस, तेव्हा तिला पत्रच लिही. चार वर्षं दर आठवड्याला तुझा तक्ता येतो, तो आला नाही की तिला घरात सूर्य उगवला नाही असं वाटतं.

माया आहे तितकी आहेच, या आठवड्यात जरा जास्तीची असू दे.

तुझी
धाकटी


ता. १३ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू फोन करून ताप उतरल्याचं सांगितलंस, त्यामुळे निवांतपणे वाचलं. पिशवी परत केलीस ते झकास. डॉक्टरीणबाई शहाण्या दिसतात.

आता माझं ऐक. आमच्या तलावावर छत्तीस पोरं आहेत, त्यातल्या अकरांना हे होऊन गेलं. सगळी पुन्हा पाण्यात आहेत आणि पूर्वीइतकाच धुडगूस घालतायत. तू मात्र तिला तळहातावरच्या फोडासारखी जपत बसशील. लहानपणी तू बाहुलीलासुद्धा स्वेटर घालून उन्हात बसवायचीस. मासोळी पंधरा वर्षांची आहे, तिचे खांदे तुझ्या नवऱ्यापेक्षा रुंद आहेत. (मेहुण्यांना हे वाचून दाखवू नकोस.)

चाचणी आमच्याच तलावावर आहे. बावीस वर्षं मी शिट्टी गळ्यात घालून काठावर उभा आहे, पण माझ्या हाताखालचं एकही पोर त्या चाचणीतून पुढे गेलेलं नाही. दोनशे मीटरमध्ये मासोळी आता निवडीच्या वेळेपासून फक्त दोन सेकंद लांब आहे. दोन सेकंद! तुला काचेतली पाव नंबराची चूक दिसते ना, तशी मला ती दोन सेकंदं दिसतात, डोळे मिटले तरी दिसतात.

तिला म्हणावं, मामा तक्ता बनवतोय. मेहुण्यांना नमस्कार. खुशाली कळवत राहावी, आणि रागावलीस तरी कळवावी.

तुझा
दादा


ता. २५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ताप तीन दिवसांत गेला, खोकला आठवड्यात. आम्हा दोघांनाही नंतर एकेक दिवस अंग मोडून आलं, तेवढ्यावर निभावलं. मासोळी खोलीबाहेर आली आणि पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं, म्हणजे बरी झाली म्हणायची.

काल तिला दाखवून आणलं. डॉक्टरीणबाईंनी पोहण्याचं नीट विचारून घेतलं. आणखी आठवडाभर काही दमवणारं करायचं नाही असं बजावलंय. मग थोडंथोडं, आणि वाढवायचं तेही हळूहळू. छातीत दुखलं, धडधडलं, गरगरलं किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तिथल्या तिथे थांबून त्यांच्याकडे जायचं. बहुतेक मुलांना काहीच होत नाही, पण एखाद्याच्या हृदयाच्या स्नायूला या आजारानंतर सूज येते आणि बाहेरून काही कळत नाही, असं त्या म्हणाल्या. हे मासोळीलाही समोर बसवून सांगितलं. ती मान डोलवत होती. ती मान मला चांगली ठाऊक आहे, गणिताच्या तासालाही अशीच डोलते.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. चौथ्या मजल्यापर्यंत ती नेहमी पळत जायची. वडील लिफ्ट दुरुस्त करतात आणि लेक लिफ्टला हात लावत नाही, यावरून हे कायम तिला चिडवायचे. परवा यांना ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पायरीवर बसलेली दिसली. बुटाची नाडी बांधतेय म्हणाली. हे म्हणतात की तिच्या पायात चपला होत्या.

म्हणून तक्ता हलका दे, दादा. दोन सेकंदं पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

तुझ्यावर विसंबून आहे, तो विश्वास सांभाळावा.

धाकटी


ता. २९ जानेवारी

चि. मासोळीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत तक्ता आहे. पहिला आठवडा रोज बाराशे मीटर, मग अठराशे, मग पूर्ववत. तुझी आई म्हणते तसा हलकाच दिलाय, पण सहा आठवडे उरलेत, त्यामुळे फार लाडही करता येत नाहीत.

पहिले काही दिवस अंग जड वाटेल. आजारातून उठलेल्या प्रत्येकाला वाटतं. हातांना कुणी विटा बांधल्यात असं होईल. तिथे थांबलीस तर मागे पडलीस. पुढे गेलीस की पाणी आपोआप वाट देतं.

आणि हे आपल्या दोघांतच. आईला प्रत्येक बारीकसारीक दुखणं सांगत बसू नकोस. ती काळजीने अर्धी होते आणि तुझं पोहणं बंद करून टाकेल. काही वाटलं तर मला लिही.

वेळा नीट लिहून पाठवाव्यात. वर्गातल्या पेनने नको, पसरतं.

मामा


ता. १३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न.

वेळा मागच्या बाजूला लिहिल्यात. चांगल्या नाहीत. रागावू नकोस.

तू म्हणालास तसं अंग जड होतं, पण आता दुसरंच काहीतरी होतंय. चौथ्या फेरीनंतर छातीत धडधडायला लागतं आणि मी थांबले तरी ते थांबत नाही. काल काठाला धरून मी शंभर आकडे मोजले तरी चालूच होतं. आणि डाव्या बाजूला आतून कुणी चिमटा घेतल्यासारखं होतं. नेहमी नाही. पाच दिवसांत तीनदा.

इथले जीवरक्षक काका (लाल टोपीवाले, तू त्यांना भेटलायस) विचारत होते की कठड्याला का लटकलीस. मी गॉगलमध्ये पाणी गेलं म्हणाले.

आईला सांगितलेलं नाही. सांगू का? तू सांग म्हणालास तर सांगेन. मैत्रीण म्हणते की मी पोहून आल्यावर कागदासारखी पांढरी दिसते, पण ती कायमच नाटकी बोलते.

लवकर लिही. तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,

मासोळी


ता. १६ फेब्रुवारी

चि. मासोळीस,
आशीर्वाद.

वेळा पाहिल्या. इतक्या वाईट नाहीत, तीन आठवड्यांत भरून निघतील.

चिमटा बहुतेक बरगड्यांमधला असावा. श्वास पाण्यात पूर्ण सोडत नाहीस, ही तुझी जुनी खोड. धडधड निम्मी मनाची असते, चाचणी जवळ आली की मोठमोठ्यांची होते. तरी या आठवड्यात रोजच्या चार फेऱ्या कमी कर. आईला चाचणी झाल्यावर आपण दोघं मिळून सांगू आणि दोघं मिळून बोलणी खाऊ.

हिंमत सोडायची नाही.

मामा


ता. ४ मार्च

दादा,

मासोळी दवाखान्यातून काल घरी आली. नऊ दिवस होती. तुला कळवलं नाही, कारण मला कळवायचं नव्हतं. हे दोनदा फोन घेऊन बसले, दोनदा मी तो खाली ठेवायला लावला.

तेवीस फेब्रुवारीला दुपारी ती तलावावर होती. सहाव्या फेरीत मध्येच हात थांबले. लाल टोपीवाल्या काकांचं गेले काही दिवस तिच्यावर लक्षच होतं, म्हणून ते कपड्यांसकट उडी मारून पोचले. काठावर आणलं तेव्हा ती शुद्धीवर येत होती, ओठ निळसर, आणि नाडी त्यांना मोजता येईना इतकी वेडीवाकडी पळत होती. मी दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांतलं अंतर मोजत होते. फोन आला, पट्टी हातात तशीच धरून मी दवाखान्यापर्यंत धावले.

ईसीजी, रक्त, हृदयाची सोनोग्राफी. हृदयाच्या स्नायूला सूज आहे. पहिले तीन दिवस अतिदक्षता विभागात तिच्या छातीला तारा लावलेल्या होत्या आणि डोक्याशी पडद्यावर हिरवी रेघ. रेघ जरा वेगळी उमटली की मी परिचारिकेकडे बघायचे आणि परिचारिका रेघेकडे. आता ठोके ठिकाणावर आलेत, औषधं चालू आहेत, सूज पूर्ण उतरेल असं हृदयाचे डॉक्टर म्हणतात. ते हेही म्हणाले की ही सूज बऱ्याचदा नुसत्या विश्रांतीने जाते. जिवावर बेततं ते सूज असताना हृदयाला पळवलं की. कमीत कमी सहा महिने पोहणं नाही, धावणं नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं की आधी काही लक्षणं होती का. मी ठामपणे नाही म्हणाले. असती तर तिने मला सांगितलं असतं, असंही म्हणाले.

मग तिचे कपडे न्यायला घरी आले. पोहण्याच्या पिशवीत, टॉवेलखाली तुझी दोन पत्रं होती. ओली झाली होती, पण तू चांगल्या पेनने लिहितोस, काही पसरलं नव्हतं. तुझ्या सोळा तारखेच्या पत्रावरून तिने तुला काय लिहिलं असेल तेही कळलं.

तिने तुला विचारलं होतं, दादा. सांगू का म्हणून विचारलं होतं.

मला आत्ता याहून जास्त लिहिता येत नाही. तिला पत्र लिहू नकोस. मलाही उत्तराची घाई नाही.

धाकटी


ता. ८ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण ते आहेत.

पत्र तीनदा वाचलं. सगळं खरं आहे. तिने सरळ विचारलं आणि मी नको म्हणालो. तुझ्या जानेवारीच्या पत्रात डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली लक्षणं शब्दन् शब्द होती. ते पत्र माझ्या टेबलावर होतं आणि त्याच टेबलावर बसून मी तिला बरगडीचं लिहिलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. मला चाचणी हवी होती. तिच्यापेक्षा जास्त मला हवी होती.

परवा मी तलावावर सगळ्या पोरांना काठावर बसवलं. आजारी पडून आलेल्या अकरा जणांना एकेकट्याला बाजूला घेऊन विचारलं की पोहताना छातीत काही होतं का, आणि खरं सांगितलं तर कुणाचंही नाव कापलं जाणार नाही असं आधी सांगितलं. नऊ जण ठणठणीत आहेत. दोघांनी मान खाली घातली. त्यांच्या आईवडिलांना बोलावून दवाखान्यात पाठवलं. एकाचं सगळं ठीक आलं, दुसरीला महिनाभर विश्रांती सांगितली आहे. तिची आई मला विचारत होती की तुम्हाला हे कसं सुचलं. मी तिला काय घडलं ते सांगितलं. तिने मुलीला माझ्या हाताखालून काढून दुसऱ्या शिक्षिकेकडे घातलं. योग्यच केलं.

चाचणीच्या दिवशी मी कामावर जाणार नाही. तसा अर्ज दिलाय. तक्ते लिहायची वहीही कपाटात टाकली.

तिला लिहिणार नाही. ती कशी आहे एवढं मेहुण्यांनी एका ओळीत कळवलं तरी पुरे. क्षमा मागायला मी तुझ्या दारात येऊ शकतो, पण तू म्हणशील तेव्हाच.

दादा


ता. ११ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न.

हे पत्र आईला दाखवून लिहितेय. ती वाचणार नाही म्हणाली, पण पाकिटाला तिकीट तिनेच लावलं.

मी बरी आहे. औषधं घेते, सावकाश चालते, गच्चीत बसते. मोबाइल फार बघितला की डोकं दुखतं, म्हणून आजकाल घरात सगळ्यांत जास्त मीच लिहिते. बाबा मला लिफ्टमधून आणतात-नेतात आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या एकेका भागाचं नाव सांगतात. आता मला स्वतःला लिफ्ट दुरुस्त करता येईल बहुतेक.

आई म्हणते चूक तुझी. बाबा म्हणतात आपण सगळेच कमी पडलो. पण मला तुला सांगायचंय की मी तुझं पत्र येण्याआधीही लपवत होते. पायरीवर बसले तेव्हा तू काही म्हणाला नव्हतास. काकांना गॉगलचं खोटं मीच सांगितलं. हृदयाचे डॉक्टर आईबाबांना बाहेर पाठवून माझ्याशी एकटीशी बोलले. आत काय होतंय ते मशीनच्या आधी मला कळतं, तेव्हा सांगायचं काम माझं, आणि समोरच्याने नको म्हटलं तरी सांगायचं, असं ते म्हणाले. मी त्यांना विचारलं की समोरचा माणूस खूप आवडता असेल तर? ते म्हणाले की मग तर दोनदा सांगायचं.

आता खरं विचारायचं ते. मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. दोनशे अकरा आहेत. प्रत्येकात मीटर आणि सेकंदं. मी पुन्हा कधी पोहलेच नाही तर तू मला पत्रात काय लिहिशील?

मी खरंच विचारतेय. उत्तर आलं नाही तरी रुसणार नाही असं लिहिणार होते, पण रुसेन.

मासोळी


ता. १७ एप्रिल

चि. मासोळीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला फोन करून विचारलं, लिहू का म्हणून. ती लिही म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणून लिहितोय.

चार दिवस कागद पुढे घेऊन बसलो. तुझा प्रश्न बरोबर आहे, मला दुसरं काही लिहिता येतच नव्हतं. आता प्रयत्न करतो, हसू नकोस.

माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. तो दुरुस्त करायला मी वॉशर आणला, तो मोठा निघाला, बदलून आणला, तो लहान निघाला. तिसऱ्यांदा गेलो तर दुकानदाराने मला स्टूल दिलं आणि पाणी विचारलं. त्याला वाटलं मला एकटेपणामुळे गप्पा मारायच्या असतात. बसलो मग. त्याची मुलगी तबला शिकते, त्याच्या जिन्यात मांजर व्यालंय, चार पिल्लं आहेत, एक अगदी मख्ख. ते कुणालाच नकोय. मी बघायला गेलो तर ते माझ्या बुटावर झोपलं आणि मला पाऊण तास हलता आलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी कामावर उशिरा पोचलो.

तर पिल्लू माझ्याकडे आहे. नाव सुचव. नळ अजून गळतोच.

तू पोहलीस किंवा नाही पोहलीस तरी दर आठवड्याला पत्र येईल. विषय नसला तर मांजराचा असेल. तू विचारल्यावर मी नको म्हणालो, ते मला जन्मभर सलणार आहे. ते तू हलकं करायचा प्रयत्न करू नकोस. तुझं काम तू त्या डॉक्टरांकडून शिकलीस, माझं मला करू दे.

आईला सांग, तिच्या चष्म्यावरची वाफ मला इथूनही दिसते.

नावाची वाट पाहणारा,
मामा


ता. १२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सहा महिन्यांनी तुला साधं, बातम्यांचं पत्र लिहितेय. मधल्या काळात तुझी मांजराची पत्रं मासोळी मोठ्याने वाचायची आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. ऐकत नसल्यासारखं करायचे, पण मख्खू कपाटावरून पडला तेव्हा माझ्या हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं इतकी हसले.

गेल्या आठवड्यात सगळ्या तपासण्या झाल्या. चोवीस तास छातीला यंत्र लावून ठोके नोंदवले, फिरत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं. सूज नाही. ठोके सरळ. डॉक्टरांनी पाण्यात जायला परवानगी दिली, पण अगदी पहिलीच्या पोरासारखी सुरुवात करायची, असं बजावून.

काल मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि तिच्याबरोबर तलावावर गेले. मी काठाला इतकी चिकटून उभी होते की लाल टोपीवाल्या काकांनी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. ती उतरली. एक फेरी गेली. तशीच गेली, दादा, पाणी न उडवता. मी खुर्चीत बसले नाही ते नाहीच. दुसरी फेरी करून ती माझ्या बाजूच्या भिंतीशी आली आणि थांबली. डॉक्टरांनी चार सांगितल्या होत्या. मी काही विचारायच्या आत तिने गॉगल वर केला आणि सांगून टाकलं, की छातीत थोडं धडधडतंय, भीतीचं असेल पण मला माहीत नाही, म्हणून आज एवढंच. आणि शिडीने वर आली. टॉवेल मागितला.

तिथूनच डॉक्टरांना फोन केला, दुपारी ईसीजी काढून घेतला, तो अगदी स्वच्छ आला. भीतीचंच होतं. पण मला त्याचं काही नव्हतं. तिची पदकं भिंतीवर आहेत, एकेक घेताना मी टाळ्या पिटल्यात. काल टॉवेल देताना चष्मा काढून पुसावा लागला, तसं टाळ्या पिटताना कधी झालं नव्हतं.

काकांनी तेवढ्यात मला विचारलं की पोरीचा तो मामा आता कुठे असतो. मी म्हणाले, येतोय पुढच्या रविवारी. तुला विचारण्याआधीच सांगून बसले, आता मला खोटं पाडू नकोस. मख्खूला शेजाऱ्यांकडे ठेव किंवा टोपलीत घालून आण. राग सगळा गेलाय असं नाही. थोडा आहे, तो समोर बसवूनच काढीन.

येताना उशीर करू नकोस, जेवायला थांबू.

तुझी
धाकटी